मोटारीवर चालणारा स्टेपलर घ्यावा का? तालुक्याच्या गावातील एका सर्जनच्या प्रश्नाला उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी आपले तीस खाटांचे रुग्णालय आहे, दुर्बिणीतून मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या शस्त्रक्रिया आपण करता, आणि आता लठ्ठपणावरील स्लीव्ह शस्त्रक्रिया (जठराचा मोठा भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी करणे) सुरू करण्याचा विचार आहे. कंपनीचा प्रतिनिधी सांगतो की बॅटरीवर चालणारा, म्हणजे पॉवर्ड, स्टेपलर (आतडे किंवा जठर कापता कापता धातूच्या टाक्यांनी शिवणारे उपकरण) घेतला की शिवलेल्या जागेतून होणारी गळती कमी होईल. हे कितपत खरे आहे, त्यापोटी रुग्णावर जास्तीचा खर्च टाकणे योग्य ठरेल का, आणि हाताने चालणारा स्टेपलरच वापरत राहिलो तर उद्या कोणी त्याला निष्काळजीपणा म्हणेल का, अशा तीन गोष्टी आपण विचारल्या आहेत.

मी दोन्ही प्रकारचे स्टेपलर नेहमी वापरतो आणि ते बनवणाऱ्या कोणत्याही कंपनीशी माझा आर्थिक संबंध नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचणे सोपे जाईल. मोटार हाताच्या जोराची आणि टोक हलण्याची अडचण सोडवते. भिंतीची जाडी, रक्तपुरवठा आणि जोडावरचा ताण हे प्रश्न ती सोडवत नाही, आणि गळती बहुतेक वेळा या तिघांतूनच उद्भवते. म्हणून हे उपकरण घेण्याला माझा विरोध नाही, पण गळती थांबवण्यासाठी म्हणून ते घेऊ नये.

स्टेपलरच्या आत काय घडते ते एकदा नजरेसमोर आणू. आपण जबडा मिटतो तेव्हा भिंत दाबली जाते. फायर करतो तेव्हा आतली पाचर पुढे सरकत एकेक स्टेपल वर ढकलते, समोरच्या ॲनव्हिलवर (ऐरणीसारख्या पट्टीवर) त्याचे पाय वळतात आणि इंग्रजी ‘बी’ अक्षरासारखा आकार तयार होतो. पाचरीमागून पाते येते आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन ओळी ठेवून मधून कापत जाते. हाताच्या स्टेपलरमध्ये ही पाचर पुढे नेण्यासाठी मूठ तीन-चार वेळा जोराने दाबावी लागते. पॉवर्ड स्टेपलरमध्ये ते काम मोटार करते. काही बनावटींत जबडा हातानेच मिटायचा असतो आणि मोटार फक्त फायर करते. इतर काहींत मिटणे, वाकवणे, फिरवणे आणि फायर करणे हे सगळेच मोटारीकडे असते, आणि समोर जाड भिंत आहे असे जाणवले की उपकरण आपोआप वेग कमी करते. यांपैकी कोणत्याही प्रकारात स्टेपलची उंची मोटार ठरवत नाही. ती आपण निवडलेल्या कार्ट्रिजने, म्हणजे स्टेपल भरलेल्या बदलत्या पट्टीने, आधीच ठरलेली असते.

हे तत्त्व फार जुने आहे. हंगेरीचे सर्जन ह्युमेर ह्युल्ट्ल यांनी १९०८ मध्ये बुडापेस्टमध्ये पहिला स्टेपलर वापरला. त्याचे वजन साडेतीन किलोच्या पुढे होते आणि तो जुळवायला दोन तास लागत असत. तरी भिंत आधी नीट दाबून घ्यावी, तार बारीक असावी, स्टेपल ‘बी’च्या आकारात वळावे आणि ओळी एकमेकींच्या फटी झाकतील अशा असाव्यात, ही चारही सूत्रे त्यांच्या यंत्रात होती. त्यानंतरच्या शतकात यंत्र हलके झाले, दुर्बिणीच्या १२ मिलिमीटरच्या छिद्रातून आत जाऊ लागले, टोकाशी वाकू लागले आणि शेवटी त्याला बॅटरी लागली, पण ती चार सूत्रे तशीच राहिली आहेत. नव्या स्टेपलरची जाहिरात वाचताना त्यातला कोणता बदल या चारांपैकी कशाला हात घालतो ते मी आधी पाहतो.

आता मोटारीने प्रत्यक्षात काय साधते ते पाहू. हाताने जोरात दाबताना मनगट हलते, आणि दांड्याच्या लांबीमुळे ती हालचाल टोकाशी मोठी होऊन पोहोचते. अरुंद कटिपोकळीत, वाकवलेल्या टोकाने, गुदाशयाच्या तळाशी फायर करताना टोक काही मिलिमीटर जरी सरकले तरी रेषा तिरकी जाते किंवा भिंत ओढली जाते. मोटारीमुळे हात स्थिर राहतो, हा फरक खरा आहे आणि वापरताना लगेच जाणवतो. दुसरा लाभ लहान हाताच्या सर्जनना होतो. साडेसहा किंवा त्याहून लहान मापाचे हातमोजे घालणाऱ्यांना हाताचा स्टेपलर चालवणे कठीण जाते, असे सर्जनांच्या पाहणीतून पूर्वीच दिसले आहे, आणि त्यांत स्त्री-सर्जनांचे प्रमाण अर्थातच मोठे आहे. आपल्या रुग्णालयात अशा कोणी सहकारी असतील तर मोटारीचे हँडल घेण्याचे ते कारण मी गौण मानणार नाही.

याची दुसरी बाजूही आहे. हाताने दाबताना भिंत जाड असेल तर मुठीला विरोध जाणवतो आणि अनुभवी सर्जन तिथेच थांबून विचार करतो. मोटार तो विरोध आपल्यापर्यंत फारसा पोहोचू देत नाही. आवाज बदलतो, वेग मंदावतो, काही उपकरणांवर दिवा लागतो, पण हाताला जे कळत होते ते आता कान-डोळ्यांनी टिपावे लागते. शिवाय बटण दाबणे सोपे असल्याने घाई होते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या निवासी डॉक्टरांच्या बाबतीत मला हीच काळजी अधिक वाटते.

घाई का नको, हे जरा विस्ताराने सांगतो, कारण सगळ्या विषयाचे मूळ इथे आहे. जठराची किंवा आतड्याची भिंत म्हणजे द्रवाने भरलेला मऊ थर असतो. जबडा मिटला की आतला द्रव हळूहळू बाजूला सरकतो आणि भिंत पातळ होत जाते. ओला पंचा एका झटक्यात पिळला तर पाणी आतच राहते आणि सावकाश पीळ दिला तर निथळून जाते, तसाच हा प्रकार आहे. जबडा मिटल्यावर सुमारे १५ सेकंद थांबून, मग सावकाश, मध्ये थांबा घेत फायर केले तर स्टेपलचे पाय ॲनव्हिलपर्यंत नीट पोहोचतात आणि आकार पूर्ण होतो. न थांबता फायर केले तर द्रव पाचरीपुढे ढकलला जातो, भिंत टोकाकडे सरकते आणि शेवटच्या काही स्टेपल अर्धवट वळलेल्या राहतात. हाताच्या स्टेपलरमध्ये दोन दाबांच्या मध्ये आपोआप थोडा थांबा मिळतो. मोटारीत तो आपल्याला ठरवून, बोट उचलून घ्यावा लागतो. माझ्या शस्त्रक्रियागृहात (ओटीत) सिस्टर मोठ्याने सेकंद मोजतात. थोडे औपचारिक वाटते, पण माझे स्वतःचे १५ सेकंद नेहमीच आठ-नऊ सेकंदांत संपतात.

कार्ट्रिजची निवड हा याचाच दुसरा भाग आहे. एका प्रचलित मालिकेत निळ्या कार्ट्रिजचे स्टेपल उघडे असताना ३.६ मिलिमीटर उंच असते आणि वळल्यावर सुमारे १.५ मिलिमीटर होते, तर हिरव्याचे ४.१ वरून २ मिलिमीटरवर येते. दुसऱ्या एका मालिकेत एकाच कार्ट्रिजमध्ये तीन उंची असतात. जांभळ्या कार्ट्रिजमध्ये त्या ३, ३.५ आणि ४ मिलिमीटर अशा असून सर्वांत कमी उंचीची ओळ पात्याच्या बाजूला असते. रंगांची भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी आहे, त्यामुळे कंपनी बदलली की ओटीतील सर्वांना नवा तक्ता पाठ करावा लागतो आणि तो भिंतीवर लावावाही लागतो. जाड भिंतीवर कमी उंचीचे स्टेपल वापरले तर भिंत चिरडली जाते व तिचा रक्तपुरवठा जातो. पातळ भिंतीवर जास्त उंचीचे वापरले तर पकड सैल राहून रक्त येते. या दोन्ही चुका हाताने करता येतात तशाच मोटारीनेही करता येतात.

स्लीव्हबद्दल आपण मुद्दाम विचारले आहे, म्हणून तिथे थोडा थांबतो. जठराचा खालचा भाग, अँट्रम, सर्वांत जाड असतो आणि वर फंडसकडे भिंत पातळ होत जाते. मी पायलोरसपासून (जठराच्या खालच्या तोंडापासून) साधारण चार-पाच सेंटिमीटरवर सुरुवात करतो, आत ३६ फ्रेंच मापाची बूजी (नळीची रुंदी ठरवणारी मऊ दांडी) ठेवतो, पहिल्या एक-दोन फायरना जास्त उंचीचे कार्ट्रिज घेतो आणि मग भिंत पाहून उतरत जातो. निळ्याहून कमी उंचीचे कार्ट्रिज जठरावर वापरत नाही. दर वेळी दोन्ही बाजूंची भिंत सारखी ओढली आहे ना, हे मागून-पुढून पाहतो, कारण एका बाजूला जास्त ओढ पडली तर नळी पिळली जाते. स्लीव्हमधील गळती बहुधा अगदी वर, अन्ननलिकेच्या जोडाजवळ होते. तिथला रक्तपुरवठा तुलनेने कमी असतो आणि भिंत पातळ असते. खाली जठराच्या वळणाशी, इन्सिझुरापाशी, नळी अरुंद झाली तर वरचा दाब वाढतो आणि गळती वर फुटते. म्हणून मी शेवटचे फायर जोडापासून साधारण सेंटिमीटरभर बाहेर ठेवतो आणि इन्सिझुरापाशी बूजीला घट्ट चिकटून जात नाही. यातली एकही गोष्ट बॅटरीवर अवलंबून नाही. स्लीव्हमध्ये मला मोटारीचा उपयोग होतो तो एवढाच की एकामागून एक पाच-सहा फायर करताना शेवटच्या, सर्वांत नाजूक फायरपर्यंत हात थकलेला नसतो.

एक सूचना मात्र इथेच करून ठेवतो. फायर करण्यापूर्वी प्रत्येक वेळी भूलतज्ज्ञांना विचारावे की राइल्स ट्यूब (नाकातून जठरात घातलेली नळी) किंवा तापमान मोजण्याची नळी आत नाही ना, आणि बूजी मोकळी हलते आहे ना. नळी जबड्यात सापडल्याचे प्रसंग वैद्यकीय साहित्यात वारंवार नोंदवले गेले आहेत. धातूच्या क्लिपवर फायर करण्याचेही तसेच आहे, स्टेपलर अडकतो किंवा रेषा अर्धवट राहते.

गुदाशयाच्या कर्करोगात मोटारीची बाजू अधिक भक्कम आहे. पुरुषाच्या अरुंद कटिपोकळीत ६० मिलिमीटरचे कार्ट्रिज बहुधा नीट बसत नाही, ४५ चे घ्यावे लागते आणि टोक पूर्ण वाकवूनही रेषा काटकोनात येत नाही. मग दोन, कधी तीन फायर लागतात. तीन किंवा अधिक फायर लागलेल्या रुग्णांत गळती जास्त आढळल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. याचे एक कारण रेषा जिथे एकमेकींना छेदतात ते कमकुवत कोपरे हे आहे. दुसरे असे की जिथे तीन फायर लागतात ती पोकळी मुळातच अवघड असते. टोक स्थिर राहिल्याने फायरची संख्या कमी होत असेल, तर तो लाभ मी मान्य करतो. पुढचा गोलाकार जोड करण्यासाठीही आता पॉवर्ड स्टेपलर आहेत. गुदद्वारातून घातलेला गोल स्टेपलर हाताने दाबताना हलतो, आणि ती हालचाल थेट नव्या जोडावर येते. मोटारीत ती कमी होते.

तरीही गुदाशयाच्या जोडाचे भवितव्य ठरते ते प्लीहेजवळचे वळण पूर्ण सोडवून आतडे ताणाशिवाय खाली आले आहे का, कापलेल्या टोकातून ताजे रक्त येते का, आणि रुग्णाला आधी किरणोपचार झाले आहेत का, यांवर. आपल्याकडे आयसीजीची (रक्तपुरवठा दाखवणाऱ्या चमकत्या रंगाची) सोय असेल तर रक्तपुरवठा पाहावा. नसेल तर कडेची छोटी धमनी कापून तिचा ठोका पाहावा. जोड झाल्यावर दोन्ही डोनट (गोल स्टेपलरने कापून निघालेल्या आतड्याच्या कड्या) अखंड आहेत का ते स्वतः तपासावे आणि पाण्याखाली हवेची चाचणी करावी.

पुरावा किती आहे, हेही सांगायला हवे. फुफ्फुसाच्या आणि लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियांमध्ये पॉवर्ड स्टेपलर वापरल्यावर रक्तस्राव कमी झाल्याचे, आणि गुदाशयात पॉवर्ड गोल स्टेपलरनंतर गळती कमी झाल्याचे अभ्यास प्रसिद्ध झाले आहेत. त्यांतले बरेचसे जुन्या नोंदींची तुलना करणारे आहेत आणि अनेकांना उत्पादक कंपन्यांचे अर्थसाहाय्य आहे. नवे उपकरण येते तेव्हा त्याच रुग्णालयात आयसीजी, अनुभव आणि रुग्णनिवड या गोष्टीही सुधारत असतात, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचे हे अशा अभ्यासांतून सुटे करता येत नाही. प्रतिनिधीने दाखवलेला आलेख खोटा असेल असे मी म्हणत नाही, पण तो एवढ्यावरच उभा आहे हे लक्षात असू द्यावे.

स्टेपलर बिघडतात, ही गोष्ट खरेदीच्या चर्चेत कोणी काढत नाही. अमेरिकेच्या एफडीएने (औषधे व वैद्यकीय उपकरणांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेने) मार्च २०१९ मध्ये डॉक्टरांना पत्र लिहून कळवले की जानेवारी २०११ ते मार्च २०१८ या काळात शरीराच्या आत वापरल्या जाणाऱ्या स्टेपलर व स्टेपलबाबत त्यांच्याकडे ४१,००० हून अधिक अहवाल आले, त्यांत ३६६ मृत्यूंचे, ९,००० हून अधिक गंभीर इजांचे आणि ३२,००० हून अधिक बिघाडांचे होते. त्याच काळात एकूण किती स्टेपलर वापरले गेले हा आकडा त्यात नाही, त्यामुळे यावरून धोक्याचे प्रमाण काढता येत नाही, किंवा हाताचा बरा की मोटारीचा हेही ठरवता येत नाही. मात्र त्यानंतर २०२१ मध्ये या स्टेपलरना पहिल्या वर्गातून काढून अधिक कडक नियंत्रणाच्या दुसऱ्या वर्गात टाकण्यात आले. त्या पत्रातली एक सूचना प्रत्येक सर्जनने पाठ करावी अशी आहे: रक्तवाहिनीवर फायर करताना स्टेपलर बिघडला, तर जबडा उघडण्यापूर्वी, तो मिटलेला असतानाच, वाहिनीवर क्लॅम्प लावावा किंवा ती बांधावी. मूत्रपिंड, प्लीहा किंवा फुफ्फुसाच्या मोठ्या वाहिनीवर स्टेपलर लावण्यापूर्वीच क्लॅम्पसाठी जागा मोकळी करून ठेवलेली नसेल, तर ही सूचना पाळता येणार नाही.

मोटारीचा स्वतःचा असा एक बिघाड असतो: बॅटरी किंवा इलेक्ट्रॉनिक भाग मध्येच थांबतो आणि पाते अर्ध्यावर राहते. यासाठी अनेक हँडलना हाताने पाते मागे घेण्याची सोय असते, झाकण उघडून आतली तरफ हलवायची. ती एकदा वापरली की काही बनावटींत ते हँडल पुढे चालत नाही. म्हणून हाताचा एक स्टेपलर आणि त्याला चालणारे कार्ट्रिज जवळ ठेवल्याशिवाय पॉवर्ड स्टेपलरने शस्त्रक्रिया सुरू करू नये. आणि दुर्बिणीतून टाके घालण्याचा सराव मोडू देऊ नये, कारण दोन्ही स्टेपलर हार मानतात तेव्हा तेवढेच उरते.

आता खर्चाचे. नेमक्या किमती सांगण्यात अर्थ नाही, त्या गावागणिक आणि कराराप्रमाणे बदलतात. पण खर्चाची रचना समजून घ्यावी: हँडल एका रुग्णाला एक लागते, कार्ट्रिज मात्र दर फायरला नवे. स्लीव्हमध्ये कार्ट्रिजचाच खर्च इतका होतो की हँडलमधला फरक त्यात काही अंशी लपतो. उजव्या बाजूच्या कोलनच्या शस्त्रक्रियेत, जिथे जोड पोटाबाहेर काढून हातानेही करता येतो, तोच फरक ठळक दिसतो. अपेंडिक्ससाठी तर बहुतेक वेळा कोणताच स्टेपलर लागत नाही, लूप (धाग्याचा तयार फास) पुरेसा असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्ण असेल तर पॅकेजची रक्कम ठरलेली असते, त्यामुळे तो खर्च कसा बसवायचा हे शस्त्रक्रियेआधीच ठरवावे, नंतर नातेवाइकांपुढे हा विषय काढू नये.

खर्च वाचवण्यासाठी एकदाच वापरण्याचे हँडल ईटीओ करून (एथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक करून) पुन्हा वापरण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, हे आपणही जाणता. काही बनावटींत पाते कार्ट्रिजमध्ये नसून हँडलमध्येच असते. ते बोथट होते आणि सांध्यांत राहिलेले रक्त पूर्ण निघत नाही. मोटारीच्या हँडलमध्ये त्यावर विद्युत भागांची भर पडते. पुन्हा वापरलेल्या पॉवर्ड हँडलपेक्षा नवा, हाताचा स्टेपलर मी केव्हाही पसंत करीन. पुनर्वापरासाठीच बनवलेली, निर्जंतुक आवरणात बसवायची हँडल्स मिळतात, त्यांची गोष्ट वेगळी. वर्षभरात पुरेशा शस्त्रक्रिया होत असतील तर तीच परवडतात.

निष्काळजीपणाच्या शंकेबाबत, मी वकील नाही, पण सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य हा निकाल आपण वाचावा. सर्जनकडे सामान्य, सक्षम व्यावसायिकाचे कौशल्य असावे अशी त्याची कसोटी आहे, सर्वोच्च कौशल्याची नाही. विशिष्ट उपकरण वापरले नाही असा आरोप असेल, तर ते त्या काळी सर्वसाधारणपणे उपलब्ध होते का हेही पाहिले जाते. हाताचा स्टेपलर आजही जगभर वापरात असलेले, मान्य साधन आहे. कार्ट्रिज चुकीचे निवडले किंवा हवेची चाचणी केली नाही, याचे उत्तर देणे त्याहून अवघड जाईल.

मग आपण काय करावे? गुदाशयाच्या खालच्या शस्त्रक्रिया महिन्याला नियमित होत असतील, किंवा हात लहान असल्याने दाबणे कठीण जात असेल, तर पॉवर्ड हँडल घ्यावे आणि आधी तिथेच वापरावे. केवळ स्लीव्ह सुरू करायच्या म्हणून घेणार असाल, तर तोच पैसा आधी अनुभवी सर्जनबरोबर पहिल्या काही शस्त्रक्रिया करण्यात आणि सर्व उंचीच्या कार्ट्रिजचा साठा ठेवण्यात घालवावा. योग्य कार्ट्रिज कपाटात नाही म्हणून हाताशी असलेले वापरणे, हे लहान रुग्णालयांत फार घडते. प्रतिनिधीला प्रात्यक्षिकासाठी बोलवाल तेव्हा फायर करून दाखवण्याआधी, फायर अर्ध्यावर असताना बॅटरी काढून पाते मागे कसे घ्यायचे ते दाखवायला सांगावे, आणि तेव्हा ओटीतील सर्व सिस्टर हजर असाव्यात.

प्रत्येक कार्ट्रिजचे स्टिकर केसपेपरवर चिकटवून ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. स्टेपलर बिघडलाच, तर तो कंपनीला लगेच परत देऊ नये किंवा कचऱ्यात टाकू नये. लॉट क्रमांकासह त्याची नोंद करावी आणि भारतीय फार्माकोपिया आयोगामार्फत २०१५ पासून चालणाऱ्या मटेरिओव्हिजिलन्स (वैद्यकीय उपकरणांच्या धोक्यांवर लक्ष ठेवणाऱ्या) कार्यक्रमाकडे अहवाल पाठवावा.